बिको पहिल्यांदा करताय? मग आधी लातिक करा

अगं, बिको म्हणजे फिलिपाइन्सची चिकट तांदळाची, नारळाच्या दुधातली गोड वडी. घाई अजिबात करू नकोस, बिको बिघडतो तो घाईनेच. तांदूळ मलागकितच हवा म्हणजे चिकट तांदूळ, साधा इंद्रायणी वगैरे चालणार नाही, तो कितीही मऊ शिजला तरी वडी धरत नाही. २ कप तांदूळ भिजवून थोडं कमी पाणी घालून शिजव, दाणा किंचित कच्चाच राहू दे कारण पुढे नारळाच्या दुधात तो परत शिजणारे. पांदानचं पान मिळालं तर गाठ मारून टाक, बासमतीसारखा मस्त वास येतो.

आता खरी गोष्ट, लातिक, म्हणजे नारळाच्या दुधाचा खमंग चोथा. नारळाचं २ कप घट्ट पहिलं दूध जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेव, आधी आटतं, मग तेल सुटतं आणि खाली पांढरा चोथा राहतो, आपलं लोणी कढवताना बेरी होते ना अगदी तसाच, तो बदामी झाला की लगेच गाळून घे, दोन मिनिटं जास्त झाली की कडू. शक्यतो ताजा नारळ घे, पॅकेटच्या दुधात स्टॅबिलायझर असला तर तेल नीट सुटतच नाही, माझे दोन डबे असेच वाया गेलेत. ते तेल मात्र टाकू नकोस हं, केळीच्या पानाला तेच लावायचं.

मग ३ कप नारळाचं दूध, दीड कप ब्राउन शुगर, चिमूटभर मीठ, दाटसर झालं की भात घालून हलवत राहा, हात भरून येतो पण उलथनं उभं राहीपर्यंत हलवणं थांबवू नकोस. पानावर थापून वर लातिक पसर आणि पूर्ण गार झाल्यावरच काप. आणि हो, फिलिपाइन्सच्याच विसाया बेटांकडे लातिक म्हणजे नारळदुधाचा गोड पाक, त्यामुळे रेसिपी बघताना गोंधळू नकोस.