‘पुन्हा चालवली की पास होते’ : ऑटोमेशन टेस्टिंगविषयी वाचकांचे प्रश्न

ऑटोमेशन टेस्टिंगविषयी, म्हणजे सॉफ्टवेअरची तपासणी हाताने न करता स्क्रिप्टकडून करून घेण्याविषयी, शब्द थोडेफार बदलून तेच ते प्रश्न वारंवार येत असल्यामुळे त्यांतील निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : ऑटोमेशन आल्यावर मॅन्युअल टेस्टरची गरज संपते का?

उत्तर : नाही.

प्रश्न : आमचे कोड कव्हरेज ९२ टक्के आहे, तरीही ग्राहकांकडून बग येतातच. असे का?

उत्तर : कोडची ओळ टेस्टमध्ये चालली एवढेच कव्हरेज सांगते, तिचा निकाल कोणी तपासला की नाही, हे ते सांगत नाही. सवलत काढणारे फंक्शन टेस्टमधून नुसते बोलावले आणि आलेली रक्कम कशाशीही ताडून पाहिली नाही, तरी त्या ओळी कव्हरेजमध्ये मोजल्या जातात. आकडा वाढवण्यापूर्वी एखाद्या जाणत्या सहकाऱ्याकडून असर्शन (आलेला निकाल अपेक्षित निकालाशी ताडून पाहणाऱ्या टेस्टमधील ओळी) नजरेखालून घालून घ्यावेत.

प्रश्न : आमच्या ७०० टेस्टपैकी दोन-चार कधी फेल होतात, कधी पास. त्या आपोआप तीनदा चालवून एकदा पास झाल्या तरी बिल्ड (कोडमधून तयार झालेली सॉफ्टवेअरची आवृत्ती) पुढे न्यावा, असा सल्ला मिळाला आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : हा सल्ला कोणी दिला ते आपण लिहिलेले नाही, पण तो सर्वत्र ऐकू येतो आणि माझ्या मते टेस्टिंगचे जेवढे नुकसान त्याने केले आहे तेवढे टेस्ट न लिहिणाऱ्यांनीही केलेले नाही. हिशेब करून पाहा. जो दोष तीनपैकी एका वेळी प्रकट होतो, तो सलग तिन्ही वेळा प्रकट होण्याची शक्यता सत्तावीसात एक. म्हणजे आपल्या नियमानुसार असा खरा बग २७ पैकी २६ वेळा बिनबोभाट ग्राहकापर्यंत पोहोचेल. उलट बाजूही तितकीच वाईट आहे : प्रत्येक टेस्ट हजारातून एकदाच विनाकारण फेल होत असली, तरी ७०० टेस्टच्या संचात पुन्हा न चालवता जवळजवळ निम्मे बिल्ड लाल, म्हणजे नापास, दिसतील, आणि महिन्याभरात लाल रंगाकडे कोणी मान वर करूनही पाहणार नाही. कारणे बहुधा ठरलेली असतात : पान लोड होण्याची अट न तपासता दोन सेकंद थांबणे, आधीच्या टेस्टने डेटाबेसमध्ये मागे ठेवलेला डेटा, समांतर चालणाऱ्या टेस्टनी एकच युजर खाते वापरणे, आणि तारखा. आजच्या तारखेतला महिना एकाने वाढवून ‘पुढची तारीख’ बनवणारी एक टेस्ट मी स्वतः पाहिली आहे. ती ३१ जानेवारीला फेल झाली, दुसऱ्या दिवशी पास झाली, आणि ‘सर्व्हर मंद होता’ असा शेरा मारून विषय मिटवण्यात आला. अशी टेस्ट त्याच दिवशी मुख्य संचातून वेगळी काढावी, तिला मालक आणि मुदत द्यावी, आणि दोष टेस्टमध्ये आहे की कोडमध्ये, हे तो कोड लिहिणाऱ्या डेव्हलपरसोबत बसूनच ठरवावे.

प्रश्न : बटणाचा आयडी बदलला तरी स्क्रिप्ट स्वतःच दुरुस्त होते, असे सांगणारे टूल घ्यावे का?

उत्तर : विक्रेत्याच्या डेमोवर विसंबू नये. ‘पुष्टी करा’ हे बटण सापडले नाही म्हणून टूलने शेजारचे ‘रद्द करा’ गाठले, तर ती दुरुस्ती नव्हे, लपवाछपवी आहे. आपल्याच ॲप्लिकेशनवर चाचणी घ्या आणि टूलने केलेला प्रत्येक बदल संघातील टेस्टरला तपासायला द्या.

प्रश्न : अनेक वर्षे विनातक्रार चाललेले मॉड्यूल नव्या प्रॉडक्टमध्ये घेतले आहे. ते पुन्हा टेस्ट करावे का?

उत्तर : अवश्य. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात, चाळीस सेकंदांच्या आत भरकटून नष्ट झाले. एरियान ४ मधून जसाच्या तसा घेतलेला कोड ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवू पाहत होता; नव्या रॉकेटचा आडवा वेग अधिक असल्याने ती ३२,७६७ च्या मर्यादेत मावली नाही. नव्या प्रॉडक्टमधील डेटाच्या मर्यादा मूळ मॉड्यूल जाणणाऱ्यांकडून आधी समजून घ्याव्यात.

प्रश्न : रिलीज पुढच्या आठवड्यात आहे आणि एकही ऑटोमेटेड टेस्ट नाही. आता काय करावे?

उत्तर : हे सहा महिन्यांपूर्वी विचारायला हवे होते. आता लॉगिन, पैसे भरणे आणि डेटा जतन होणे एवढ्याचेच ऑटोमेशन करा, उरलेले हाताने तपासा, आणि काय तपासले गेलेले नाही त्याची यादी रिलीजचा निर्णय घेणाऱ्या व्यक्तीसमोर लेखी ठेवा.