आधी भरलेले वजन, मग बाकी सारे

प्रिय तरुण मित्रास, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले आणि सोबतचे तिन्ही आराखडेही पाहिले. पहिल्या ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, मुलांसाठी एकावर एक बिछाने आहेत, दुसऱ्यात बाजूला सरकून बाहेर येणारी बैठकीची खोली आहे, तिसऱ्यात मोठा फ्रीज आणि स्वतंत्र न्हाणीघर आहे. आणि यांतला कोणता घ्यावा, हे ठरवता येत नसल्यामुळे तुझी झोप उडाली आहे. मात्र एवढ्या लांबलचक पत्रात स्वतःच्या गाडीविषयी तू एकच वाक्य लिहिले आहेस : "ती साडेतीन टन ओढते, असे विक्रेता म्हणाला." माझे सारे लक्ष त्या एका वाक्यावर खिळले, म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करतो.

आधी भरलेले वजन, मग बाकी सारे. हे मी तुला पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नकोस.

गाडी किती ओढू शकते आणि स्वतःच्या चाकांवर किती भार घेऊ शकते, या दोन वेगळ्या मर्यादा आहेत. जाहिरातीत पहिलीच मोठ्या अक्षरांत छापतात. दुसरी शोधण्यासाठी चालकाचे दार उघड आणि दाराच्या चौकटीवरची पट्टी वाच. माणसे आणि सामान मिळून गाडीत जास्तीत जास्त किती वजन चालेल, हे अनेक गाड्यांच्या पट्टीवर लिहिलेले असते. समज, तिथे ५५० किलो आहे. ट्रेलरचे कोरडे वजन माहितीपत्रकात २,००० किलो दिले आहे. त्यात पाणी, भांडी, अंथरुणे, खुर्च्या, हत्यारे आणि धान्य यांतले काहीही धरलेले नसते. ते सारे भरले की तो सहज २,५०० किलोंवर जातो. अशा ट्रेलरच्या भरलेल्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचवर, म्हणजे तुझ्या गाडीच्या मागच्या टोकावरच्या जोडणीवर यावा लागतो. १२ टक्के धरले तरी ३०० किलो झाले. हा भार पुढच्या-मागच्या चाकांवर विभागणाऱ्या हिचचे स्वतःचे वजन ४० किलो धर. तुम्ही दोघे आणि दोन मुले मिळून २१० किलो. बेरीज कर : नेमके ५५०. गाडीत आता एक पिशवीही ठेवता येणार नाही, आणि अजून तू साडेतीन टनांच्या जवळपासही पोहोचलेला नाहीस. विक्रेता खोटे बोलला नव्हता. त्याने दुसरा आकडा सांगितला नाही, आणि तू तो विचारला नाहीस.

यावर एक तोड अनेक जण तुला सुचवतील : जड सामान ट्रेलरमध्ये ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, मागे रचायचे, म्हणजे हिचवरचा भार हलका होतो. तो होतोही, आणि तिथेच घात होतो. हिचवर पुरेसा भार नसलेला ट्रेलर वेग वाढताच डावीकडे-उजवीकडे हेलकावे खाऊ लागतो. शेजारून मोठा ट्रक गेला, बाजूने वाऱ्याचा झोत आला किंवा उतार लागला की ते हेलकावे वाढत जातात आणि शेवटी मागचा ट्रेलरच पुढच्या गाडीला फिरवू लागतो. अशा वेळी गाडीचा ब्रेक करकचून दाबायचा नसतो. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचे आणि ट्रेलरच्या ब्रेकचा स्वतंत्र कंट्रोलर असेल, तर हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. हे तुला पाठ हवेच, पण ते करण्याची वेळ येऊ नये म्हणून मी हे पत्र लिहीत आहे. पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, हेही विचार. १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलो. टाकी पुढे असेल तर ती भरल्यावर हिचवरचा भार वाढतो, मागे असेल तर घटतो, आणि मुक्कामात तेच पाणी सांडपाण्याच्या टाक्यांत गेले की परतीच्या वाटेवर तोल पुन्हा बदललेला असतो. एवढे सगळे सरकून बाहेर येणाऱ्या बैठकीच्या खोलीच्या चित्रात दिसत नाही.

मोटरहोम, म्हणजे स्वतःचे इंजिन असलेले फिरते घर, घेतले तर ही कटकट संपेल, असे तू पत्रात सुचवले आहेस. संपणार नाही. व्हॅनमध्ये बसवलेले घर असो, चालकाच्या डोक्यावर बिछाना असलेले असो की बसएवढे मोठे असो, प्रत्येकाला स्वतःची भारमर्यादा असतेच. युरोपात साध्या परवान्यावर आजवर सहसा ३,५०० किलोंपर्यंतचीच गाडी चालवता येत आल्यामुळे कित्येक मोटरहोम नेमक्या त्या आकड्यात बसवलेली असतात, आणि माणसे व पाणी धरल्यावर सामानासाठी फारच थोडे वजन उरते. शिवाय दूध आणायला निघायचे तरी सारे घर आवरून हलवावे लागते, आणि इंजिन दुरुस्तीला गेले की बिछानाही गॅरेजमध्ये जातो. रोज नवा मुक्काम असेल तर मोटरहोम उत्तम. एका जागी आठवडा काढायचा असेल तर ट्रेलर सोडून गाडी मोकळी करता येते. फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअपच्या हौद्यात जोडायचा मोठा ट्रेलर, रस्त्यावर सर्वांत स्थिर चालते, कारण त्याचा भार पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर किंवा किंचित पुढे पडतो. पण तो भार एकूण वजनाच्या १५ ते २५ टक्के असतो आणि त्यासाठी तशीच दणकट पिकअप लागते. ती तुझ्याकडे नाही, तेव्हा तो विषय इथेच संपला. कापडी भिंतींचा, घडी होणारा ट्रेलर तुझी गाडी आरामात नेईल. पावसातून आल्यावर तो पुन्हा उघडून वाळवावा लागतो, नाही तर कापडाला बुरशी धरते. एवढे कष्ट करण्याची तयारी असेल तर त्याला कमी लेखू नकोस.

वजनाची ही काळजी माझ्या वयामुळे आलेली नाही. एअरस्ट्रीम या अमेरिकी कंपनीने १९३६ साली 'क्लिपर' हा ट्रेलर विमानासारखा, रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा आणि गोलाकार बांधला, तो काय केवळ शोभेसाठी? वजन कमी राहावे म्हणूनही.

आता माझ्या घरचे सांगतो. माझ्या पत्नीला मोठा ट्रेलर हवा होता. चार माणसांना एकाच वेळी बसून जेवता येईल, एवढीच तिची मागणी होती. आमच्या गाडीला तो झेपणारा नव्हता आणि गाडी बदलण्याची तेव्हा ऐपत नव्हती, म्हणून मी लहान ट्रेलरवर अडून राहिलो. मुले उंच झाली, त्यांना पाय पसरून झोपता येईना, आणि हळूहळू त्यांनी आमच्याबरोबर येणे सोडले. ते प्रवास मला आता परत मिळणार नाहीत आणि त्याची हळहळ मला आजही वाटते. पण घाटाच्या उतारावर, गाडीत ती सारी झोपलेली असताना, ब्रेक आपले ऐकतील की नाही असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. घरात अजूनही मला हट्टी म्हणतात. म्हणोत. त्या गाडीमागे तो ट्रेलर मी आजही जोडणार नाही.

म्हणून तुझ्या घरच्यांना खरोखर काय हवे आहे, ते आत्ताच विचार. मुलांना स्वतंत्र बिछाने हवेतच असतील, तर ती मागणी रास्त आहे. मग आधी ते वजन पेलणारी गाडी घे आणि त्यासाठी ट्रेलर दोन वर्षे लांबला तरी लांबू दे. गाडी हीच ठेवायची असेल, तर तिन्ही आराखडे बाजूला ठेव. तिसरी वाट मला माहीत नाही, आणि 'थोडेसे जास्त झाले तर काय होते' हे वाक्य मला लिहून पाठवू नकोस.

बयाणा देण्यापूर्वी एवढे कर. इंधनाची टाकी पूर्ण भरून, घरची सारी माणसे बसवून, नेहमीचे सामान ठेवून गाडी वजनकाट्यावर ने. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे वजन वेगवेगळे घे. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीचा आणि हिचवरच्या मर्यादेच्या खुणेचा स्पष्ट फोटो काढ. जुना ट्रेलर पाहत असशील, तर टायरच्या कडेवरचे चार आकडेही टिपून घे. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला आहे, आणि वरची नक्षी नवी दिसत असली तरी रबर तेवढेच जुने असते. ट्रेलरवरचे कमाल भरलेले वजन वाचून घे. कोरडे वजन मला कळवू नकोस. हे सारे आले की बसून हिशेब करू. तोपर्यंत कोणत्याही कागदावर सही करायची नाही.

तुझा हितचिंतक