खोक्यातील छापील शब्द
प्रश्न : सीताबर्डीहून हार्डवेअर वॉलेट (बिटकॉइनसारखी आभासी नाणी सांभाळण्याचे छोटे यंत्र) आणले. खोक्यातील कार्डावर २४ शब्द आधीच छापलेले आहेत, पण यंत्र नवे शब्द लिहून घ्यायला सांगते. सूचनापत्रकातून काहीच उलगडा होत नाही. कोणते शब्द खरे मानावेत?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : छापील शब्द मुळीच वापरू नका, कारण हे शब्द म्हणजे नाण्यांची किल्लीच; ते ज्याने छापले त्याला तुमची नाणी केव्हाही काढून घेता येतील. असे खोके परतच करावे. अस्सल यंत्र बहुधा २०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून शब्द स्वतः निवडते आणि स्वतःच्याच पडद्यावर दाखवते. ते क्रमाने कागदावर लिहावेत, त्यांचा मोबाइलवर फोटो काढू नये. सूचनापत्रके नवख्याला गोंधळात टाकतात, ही तुमची तक्रार रास्तच आहे. नव्या यंत्रात आधी थोडीच रक्कम पाठवा, यंत्र पूर्ण पुसून त्या शब्दांवरून ती पुन्हा दिसते का ते पाहा आणि मगच उरलेली हलवा.