हालचालींच्या चाचणीत १४ किंवा त्याहून कमी गुण मिळालेल्या खेळाडूंना संघाबाहेर ठेवावे का?

आपल्या संघातील काही खेळाडूंना 'फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन' या चाचणीत १४ किंवा त्याहून कमी गुण पडले असून, त्यांना दुखापतीचा धोका अधिक आहे असे समजून सामन्यांपासून दूर ठेवावे का, असे आपण विचारले आहे. केवळ त्या आकड्यावरून ठेवू नये, असे माझे मत आहे. क्रीडा-फिजिओथेरपिस्ट म्हणून मी स्वतः ही चाचणी घेतो, मात्र भविष्य वर्तवण्यासाठी नव्हे.

मुळात १४ हा आकडा आला कुठून, हे पाहण्यासारखे आहे. चाचणीत स्क्वॉट, लंज, पुश-अप, पाठीवर झोपून पाय सरळ उचलणे अशा सात हालचालींना प्रत्येकी शून्य ते तीन, म्हणजे एकूण २१ गुण असतात. कीसेल आणि सहकाऱ्यांनी २००७ साली व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या अवघ्या ४६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि १४ ची सीमारेषा त्याच ४६ जणांच्या माहितीवरून आखली. ज्या माहितीवरून रेषा आखायची तिच्यावरच ती पारखायची, तर ती बऱ्यापैकी जुळणारच. तरीही गंभीर दुखापत झालेल्यांपैकी सुमारे ५४ टक्केच तिच्या कक्षेत आले; दुखापत न झालेल्यांपैकी ९१ टक्के सुरक्षित गटात गेले.

हेच प्रमाण धरून गणित करू. समजा, १०० खेळाडूंपैकी २० जणांना हंगामात दुखापत होणार आहे. चाचणी त्यांतील साधारण ११ जणांना ओळखेल, नऊ जण 'सुरक्षित' ठरून मैदानात उतरतील आणि धडधाकट ८० पैकी सात जण विनाकारण बाहेर बसतील. पुढे झालेल्या अभ्यासांचा २०१७ साली जो पद्धतशीर आढावा घेण्यात आला, त्यानेही दुखापतीचे भाकीत करण्यासाठी या चाचणीच्या वापराला पाठिंबा दिला नाही.

एकूण बेरजेतही एक खोट आहे. सातही हालचालींत दोन-दोन गुण मिळवणाऱ्याचे १४ होतात. चार हालचालींत तीन, एकीत दोन आणि उरलेल्या दोन हालचालींत वेदनेमुळे शून्य मिळवणाऱ्याचेही १४ च होतात. या दोघांची अवस्था सारखी आहे असे कोणता प्रशिक्षक म्हणेल? शिवाय गुण कशाला मिळतात हे आधी सांगितले की काहींचे गुण तिथल्या तिथे वाढतात, त्यामुळे आपण शरीर मोजतो आहोत की सूचना समजण्याची क्षमता, हा प्रश्न उरतोच.

त्यापेक्षा पूर्वी झालेल्या दुखापतींची नीट विचारपूस करावी, कारण नव्या दुखापतीचा तो बहुतेक खेळांत सर्वांत भरवशाचा इशारा असतो. सरावाचा भार अचानक वाढला आहे का, तेही पाहावे. प्रतिबंधक व्यायाम मात्र निवडक खेळाडूंना न देता सर्वांनाच द्यावेत. फुटबॉलसाठीचा 'फिफा ११+' हा वॉर्मअप किंवा मांडीच्या मागच्या स्नायूंसाठीचा नॉर्डिक व्यायाम यांनी दुखापती कमी होतात, असे चाचण्यांत दिसले आहे, आणि त्यासाठी आधी कोणाचे गुण मोजावे लागत नाहीत.

चाचणीतील शून्य मात्र दुर्लक्षू नका. ज्या खेळाडूला एखादी हालचाल करताना दुखते, त्याला आधी वैद्यकीय तपासणीसाठी पाठवावे, मग त्याची बेरीज १८ का असेना.