पीएमआय असलेलं कर्ज दुसऱ्या लेंडरकडे नेणं: न्यू जर्सीला येणाऱ्यांसाठी

पुढच्या उन्हाळ्यात एच-१बीवर पुण्याहून न्यू जर्सीला येताय. ऑफिसातल्या एकाने सल्ला दिलाय की १० टक्के भरून घर घेऊन टाका, पीएमआय (प्रायव्हेट मॉर्गेज इन्शुरन्स, २० टक्क्यांहून कमी भरून घर घेतलं की लागणारा विमा) लागला तर लागू दे, वर्षभराने दुसऱ्या लेंडरकडे, म्हणजे कर्ज देणाऱ्या संस्थेकडे, रिफायनान्स केलं (नवं कर्ज काढून जुनं फेडलं) की तो सुटतो. हे खरं का, असं तुम्ही विचारलंत. अर्धंच खरं आहे. लेंडर बदलल्याने पीएमआय जात नाही. कर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांवर आलं की तो जातो, आणि तिथवर पोचला असाल तर लेंडर बदलायची गरज बरेचदा उरतही नाही.

पीएमआय हा विमा आहे, पण तुमचा नाही. हप्ता तुम्ही भरायचा आणि कर्ज बुडालं तर भरपाई लेंडरला मिळायची. नवा लेंडर जुन्याचा विमा पुढे चालवत नाही. तो घराचं नवं अप्रेझल (किमतीचं मूल्यांकन) करतो, आणि कर्ज ८० टक्क्यांच्या वर निघालं तर स्वतःचा नवा पीएमआय लावतो.

आकडे मांडून बघा. घर ५ लाख डॉलरचं, कर्ज साडेचार लाख, व्याज साडेसहा टक्के, मुदत ३० वर्षं. पहिल्या वर्षात मुद्दलातून जेमतेम ५ हजार डॉलर कमी होतात, बाकी सगळं व्याज. ठरलेल्या हप्त्यांनीच जायचं तर ४ लाखांवर यायला पावणेआठ वर्षांच्या वर लागतात. त्यामुळे वर्षभरात पीएमआय सुटतो म्हणणाऱ्याने बाजार चढत असताना घर घेतलेलं असणार. तो योग तुमच्याही वाट्याला येईल, असं धरून चालू नका.

१९९८ चा एक केंद्रीय कायदा तुमच्या बाजूने आहे. बाकी मुद्दल मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आलं, हप्ते वेळेवर गेलेले असले, घरावर दुसरं कर्ज नसलं आणि किंमत उतरलेली नसली, तर लेखी अर्ज करून पीएमआय काढून घेता येतो. ठरलेल्या वेळापत्रकाने ७८ टक्के झाले की तो सर्व्हिसरने (कर्जाचे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीने) आपणहून काढायचा असतो. ८० टक्क्यांच्या अर्जासाठी जादा भरलेलं मुद्दलही धरतात, त्यामुळे दरवर्षीचा बोनस तिकडे वळवणं हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त उपाय.

घराची किंमत वाढली असेल तर आणखी एक वाट आहे. तुमचं कर्ज फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या, लेंडरांकडून कर्जं विकत घेणाऱ्या संस्थांकडे असेल (दोघांच्या वेबसाइटवर पत्ता टाकून कळतं), तर सध्याच्या किमतीवरही पीएमआय काढता येतो. मात्र कर्ज दोन वर्षं जुनं लागतं, आणि दोन ते पाच वर्षांत असेल तर ८० नव्हे, ७५ टक्क्यांची अट असते. पाच वर्षांनंतर ८० चालतात. रिफायनान्सला खरा अर्थ आहे तो या ७५ आणि ८० मधल्या फटीत. वरच्या उदाहरणात दोन वर्षांनी सुमारे ४ लाख ४० हजार बाकी असतील. जुन्या सर्व्हिसरला घर ५ लाख ८७ हजारांच्या आसपासचं दाखवावं लागेल, नव्या लेंडरला साडेपाच लाखांचं पुरेल.

आता खर्च. समजा पीएमआय महिन्याला २२५ डॉलर आहे आणि क्लोजिंग कॉस्ट (नवं कर्ज काढायचा एकरकमी खर्च) ९ हजार आली. व्याजदर तोच राहिला तरी खर्च निघायला ४० महिने लागतात. दर अर्धा टक्का चढला तर बचतीतले पावणेदोनशेच्या वर दरमहा व्याजातच जातात. उलट दर चांगला एक टक्का उतरला असेल तर पीएमआयचा विचार न करताही रिफायनान्स करा. आपल्याकडच्या बॅलन्स ट्रान्सफरसारखं हे हलकं काम नाही. जुनं कर्ज फेडून नवं काढायचं, टायटल इन्शुरन्स (घराच्या मालकीहक्काबद्दलचा विमा) पुन्हा घ्यायचा, आणि मुद्दाम सांगितलं नाही तर ३० वर्षांचं घड्याळही पुन्हा पहिल्यापासून.

दोन-तीन लेंडरांकडे एकाच आठवड्यात अर्ज करा, म्हणजे क्रेडिट स्कोअरवर त्या चौकशा एकच धरल्या जातात. अर्जानंतर तीन कामाच्या दिवसांत प्रत्येकाने लोन एस्टिमेट (व्याज आणि खर्चाचा अंदाज देणारा ठरावीक फॉर्म) द्यायचं असतं. त्याच्या दुसऱ्या पानावरचा ए विभाग शेजारीशेजारी ठेवून वाचा, लेंडरची स्वतःची फी तिथे असते. ‘नो कॉस्ट’ म्हणणाऱ्याने खर्च व्याजदरात मिसळलेला असतो.

न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्स भारी, म्हणून एस्क्रोकडे (टॅक्स आणि घराच्या विम्यासाठी लेंडर तुमच्याकडून पैसे घेऊन ठेवतो त्या खात्याकडे) लक्ष ठेवा. नवा लेंडर क्लोजिंगलाच (कर्जाच्या अंतिम सह्या होताना) एस्क्रो भरून घेतो. जुन्याकडची शिल्लक कर्ज फिटल्यावर २० कामाच्या दिवसांत परत येते. तेवढी रोकड हाताशी हवी.

व्हिसाचंही बोलून घेऊ. २५ मे २०२५ पासून एच-१बीवाल्यांना एफएचए (केंद्र सरकारच्या विम्याचं) कर्ज मिळत नाही, त्यामुळे तुम्ही कन्व्हेन्शनल (असा सरकारी विमा नसलेलं) कर्जच घ्याल. रिफायनान्सच्या वेळी पगाराची कागदपत्रं पुन्हा लागतात, आणि क्लोजिंगच्या तोंडावर लेंडर कंपनीकडे नोकरीची खात्री करून घेतो. नोकरी बदलायची असेल तर ती आधी तरी बदला नाही तर नंतर तरी. भारतातला सिबिल स्कोअर इथे कामाचा नाही, म्हणून पहिलं वर्ष भाड्याने राहून इथला क्रेडिट इतिहास तयार करा. स्कोअर चांगला असला की पीएमआयचा दरही बराच खाली येतो.

आणि एक. राहत्या घराचं कर्ज नव्या लेंडरकडे नेताना सही केल्यावर तीन दिवस मन बदलायची मुभा असते, त्यात शनिवारही मोजतात. तोवर नवा लेंडर पैसे सोडत नाही. जुन्या खात्यावर शून्य बाकी दिसेपर्यंत तिथला ऑटो-पे बंद करू नका.