ॲबाची गाणी लोकांना अजून एवढी का आवडतात?

आमच्या गिरगावच्या चाळीत मामाकडे ॲबा ह्या पॉप ग्रुपची कॅसेट होती, टेप अडकली की पेन्सिल घालून फिरवत बसायचो, इंग्रजी ओ की ठो कळायचं नाही पण चाली अशा की आजीपण भांडी घासताना गुणगुणायची. चौघं स्वीडनचे, दोन जोडपी, १९७४ ला 'वॉटर्लू' गाऊन युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकले आणि मग सुटलेच.

पण खरी मेख पुढे आहे. त्यातल्या ब्यॉन आणि अग्नेथा ह्या जोडप्याचं फाटलं, तरी ग्रुप चालूच, आणि १९८० ला त्याने 'द विनर टेक्स इट ऑल' लिहिलं, आणि गायलं कोणी तर तिनेच!! लास्ट विरार लोकलमध्ये दारात उभं राहून हेडफोनवर ऐका, मग बोलू. वर नाचायचा ठेका आणि आत सगळा रडवा मामला, हेच तर चिकटतं ना. पुढे दुसरं जोडपंही मोडलं, १९८२ नंतर सगळं गप्प. डायरेक्ट २०२१ ला, सत्तरी ओलांडल्यावर नवा अल्बम. मामाला पाठवला तर म्हणे आवाज खाली आलाय रे अग्नेथाचा, पण दोनदा ऐकला म्हाताऱ्याने.