नर्सिंग शिकायला जर्मनीला जाण्याआधीची धास्ती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारावी सायन्स झाली, जर्मन भाषेची बी-2 पातळी पूर्ण होत आलीय, करार हातात आहे आणि ऑक्टोबरपासून नर्सिंगची आउसबिल्डुंग, म्हणजे पगार घेत काम करता करता शिकण्याचं प्रशिक्षण, सुरू होणार. पण आधी गेलेल्या मुली सांगतात की पहिले दोन महिने रोज रडू येतं, वॉर्डात एक अक्षर कळत नाही. मग हे झेपेल का, की आत्ताच माघार घ्यावी?

माघारीचा विचार करण्याआधी या भीतीचे तुकडे करून बघा. "झेपत नाही" या दोन शब्दांत तीन वेगळी दुखणी असतात. कानावर पडलेलं न कळणं, अंग मोडून जाणं, आणि "मी जे करतेय ते नर्सिंग आहे का" ही शंका. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. शेवटच्या शंकेचं उत्तर मात्र विमानात बसण्याआधीच मिळवायला हवं, म्हणून ती आधी घेऊ.

2020 पासून इथे जर्मनीत नर्सिंगचा एकच एकत्रित अभ्यासक्रम आहे. तीन वर्षं, त्यात किमान 2,100 तास शाळा आणि 2,500 तास प्रत्यक्ष काम. पहिले 400 तास तुमच्याशी करार केलेल्या संस्थेतच, म्हणजे रुग्णालयात किंवा वृद्धांच्या केंद्रात जातात. त्या तासांत इंजेक्शनं नसतात. अंग पुसणं, कपडे बदलणं, भरवणं, डायपर बदलणं, संडासला नेऊन आणणं, हेच असतं. आपल्याकडे यातलं बरंचसं नातेवाईक, मावशी नाहीतर वॉर्डबॉय करतात. त्यामुळे पुष्कळ मुलींना वाटतं की आपली फसवणूक झाली. तशी ती झालेली नसते. पेशंटला कुशीवर वळवताना माकडहाडावर आणि टाचेवर लाली दिसते. त्या लालीवर बोट दाबून सोडलं आणि कातडी पांढरी पडलीच नाही, तर ती दाबव्रणाची पहिली पायरी असते. हात वर करताना धाप लागते का, पाणी गिळताना ठसका लागतो का, काल नाव सांगणारे आजोबा आज गोंधळलेत का, हे डॉक्टरांच्या पाच मिनिटांच्या फेरीत दिसत नाही. अंग पुसताना दिसतं. पेशंटला कोणत्या देखभालीची गरज आहे हे ठरवणं आणि त्या देखभालीची आखणी करणं, ही कामं इथल्या कायद्यानं फक्त प्रशिक्षित नर्सकडे राखून ठेवली आहेत. त्यांचा पाया या 400 तासांत घातला जातो.

म्हणून निघण्याआधी निदान दोन आठवडे जवळच्या एखाद्या वृद्धाश्रमात सकाळच्या वेळी मदतीला जा. पहिल्या दिवशी मळमळेल, त्याला महत्त्व देऊ नका. दहाव्या दिवशीही त्या माणसाला हात लावावासा वाटत नसेल, तर ती खूण खरी माना आणि तेव्हाच थांबा.

हे वाचणाऱ्या कुणाचं जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग आधीच झालं असेल, तर तिने आउसबिल्डुंगच्या वाटेला जाऊ नये. तिच्यासाठी झालेल्या शिक्षणाला जर्मनीत मान्यता मिळवण्याचा वेगळा मार्ग आहे. एजंट काहीही म्हणोत, तीन वर्षं पुन्हा पहिलीपासून काढायचं कारण नाही.

आता भाषा. रडू येतं ते बहुतेक हिच्यामुळे. बी-2 ची परीक्षा स्वच्छ उच्चारांच्या ध्वनिफितीवर होते. वॉर्डातली यूबरगाबे, म्हणजे पाळी बदलताना दिली जाणारी माहिती, भरभर, अर्ध्या वाक्यांत आणि स्थानिक बोलीत दिली जाते. ती सगळी समजून घेण्याचा हट्ट सोडा. एका कागदावर तुमच्या वाट्याच्या चारच पेशंटसाठी रकाने आखा: खोली क्रमांक, का दाखल, चालता येतं का, खाण्याबद्दल सूचना, आज काय व्हायचंय. कान फक्त या पाच गोष्टींसाठी टवकारा. शेवटी एका पेशंटबद्दल ऐकलेलं परत बोलून दाखवा: "बारा नंबर, आज उपाशी ठेवायचं, बरोबर?" "कळलं का?" असं विचारलं आणि काही कळलेलं नसलं, तर चुकूनही "हो" म्हणू नका. भाषा कच्ची असल्याची तक्रार सहसा होत नाही. न कळता मान हलवण्याची मात्र हमखास होते, कारण उपाशी ठेवायच्या पेशंटला त्यातूनच नाश्ता दिला जातो.

काही ठिकाणी घसरण ठरलेली आहे. आरआर ही अक्षरं आपण श्वासाच्या गतीसाठी वाचतो. इथे आरआर म्हणजे रक्तदाब. "हाल्ब आख्ट" म्हणजे साडेआठ नव्हे, साडेसात. "मिअर इस्ट श्लेख्ट" असं आजी म्हणाल्या, तर त्यांना मळमळतंय. दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो, म्हणून 2,5 म्हणजे अडीच, पंचवीस नाही. रक्तातली साखर काही रुग्णालयांत मिलिग्रॅममध्ये लिहितात, काही ठिकाणी मिलिमोलमध्ये. साडेपाच मिलिमोल म्हणजे साधारण 100 मिलिग्रॅम, गुणायचं 18 ने. चार्टवर 5,5 बघून धावत सुटू नका, आधी एकक बघा.

दोन बाबतींत मराठी तुमच्या बाजूची आहे. जर्मन आकडे उलटे वाटतात ते आपण इंग्रजीतून विचार करतो म्हणून. "फिअर-उंड-झेख्त्सिग" म्हणजे चार आणि साठ. आपला चौसष्टही तसाच, आधी चार मग साठ. रक्तदाब ऐकताना मनात मराठी आकडा धरा, अदलाबदल थांबेल. दुसरं, त्यांचे लांबलचक शब्द आपल्या तत्पुरुष समासासारखेच असतात, मुख्य पद शेवटी. "ब्लुट-ड्रुक-मेस-गेरेट" आणि रक्त-दाब-मापन-यंत्र यांचा क्रमसुद्धा एकच आहे. शब्द शेवटाकडून सोडवायला लागलात की पुस्तकाचं पान कमी भीतीदायक वाटतं. शाळेसाठी प्रत्येक आजाराची दोन नावं एकत्र लिहा, लॅटिन वळणाचं आणि घरगुती. डॉक्टर "प्नॉयमोनी" म्हणतील, पेशंट "लुंगनएंटत्स्युंडुंग" म्हणेल. दोन्ही न्यूमोनियाच.

फोन वाजला तर पहिल्या महिन्यात उचलून स्वतः निरोप घेऊ नका. "मी शिकाऊ आहे, कुणालातरी बोलावते" एवढं म्हणा.

शरीराचं सांगायचं तर पहिल्या सहा आठवड्यांत पाय आणि कंबर दुखणारच. सकाळची पाळी बहुधा सहाच्या सुमारास सुरू होते, हिवाळ्यात तेव्हा मिट्ट काळोख असतो. कंबर जाते ती पलंग खाली ठेवून वाकल्यामुळे. बटण दाबून पलंग तुमच्या कमरेइतका वर घ्या, काम झालं की आठवणीनं पुन्हा खाली करा, नाहीतर पेशंट पडेल. सरकवायची चादर मागून घ्या, एकटीनं उचलू नका. रात्रपाळीची काळजी आत्ता नको. ती प्रशिक्षणाच्या दुसऱ्या अर्ध्यात येते, 80 ते 120 तास, आणि तेव्हाही प्रशिक्षित नर्स सोबत असावीच लागते.

बऱ्याच मुली आपला एक हक्क वापरत नाहीत. प्रत्येक नेमणुकीत किमान 10 टक्के वेळ प्राक्सिसआनलाइटर, म्हणजे शिकवण्यासाठी नेमलेल्या नर्सने तुम्हाला शिकवण्यात घालवायचा असतो. 400 तासांच्या नेमणुकीत 40 तास. वॉर्डात माणसं कमी पडली की हाच वेळ आधी कापला जातो आणि तुम्ही बिनपगारी नसलात तरी बिनशिकवणीच्या मदतनीस होऊन बसता. गोंधळल्यासारखं वाटण्याचं मोठं कारण अनेकदा हेच असतं, तुमची कुवत नव्हे. पहिल्याच आठवड्यात या तासांच्या तारखा मागा, झालेले तास नोंदवहीत लिहा, सही घ्या. दोन महिन्यांत दहा तासही झाले नसतील, तर शाळेतल्या शिक्षकांना ती वही दाखवा. आणि न शिकवलेलं काम कुणी सांगितलं तर "हे मी अजून शिकले नाही, दाखवाल का" असं म्हणा. येत नसलेलं काम अंगावर घेऊन चूक झाली, तर जबाबदारी तुमच्यावरही येते.

पहिले सहा महिने प्रोबेशनचे, म्हणजे एकमेकांना पारखून बघण्याचे असतात. त्यात दोन्ही बाजूंना कधीही, मुदत न देता, लेखी करार मोडता येतो. त्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या महिन्याच्या शेवटी स्वतःहून विचारा: माझं काय कमी पडतंय, आणि ते कधीपर्यंत सुधारायचं? उत्तर लिहून घ्या. आजारपणाचा हिशोबही ठेवा. शाळेचे 10 टक्के आणि प्रत्यक्ष कामाचे 10 टक्के, म्हणजे 210 आणि 250 तासांपर्यंतची गैरहजेरी चालते, मात्र एखाद्या सक्तीच्या नेमणुकीत चौथा हिस्सा ओलांडता येत नाही. ताप अंगावर काढून जाऊ नका, आणि मन थकलं म्हणून आठवडेच्या आठवडे घरी बसूही नका.

पैशाबद्दल: सार्वजनिक संस्थांच्या वेतनकरारात 2025 च्या एप्रिलपासून पहिल्या वर्षाला महिना सुमारे 1,415 युरो ठरले होते, कापून हातात साधारण 1,100 यायचे. शिकवण्याची फी किंवा सोडून गेल्यास दंड, असं कलम आउसबिल्डुंगच्या करारात असेल तर ते कायद्याने रद्द ठरतं. तुमचा करार त्यासाठी पुन्हा एकदा वाचा.

सोडायचा निर्णय पहिल्या तीन महिन्यांत घेऊ नका, तेव्हा भाषा आणि थकवाच बोलत असतात. पाचव्या महिन्यातही पेशंटजवळ जायला नकोसं वाटत असेल, तर गोष्ट वेगळी. पण पेशंट आवडतात आणि फक्त ती जागा नकोशी झालीय, तर संस्था बदलता येते आणि झालेलं शिक्षण मोजून घेण्याची सोय आहे. इथे घाईनं राजीनामा देणं महागात पडतं, कारण राहण्याचा परवाना या प्रशिक्षणाला बांधलेला असतो. तुमचा दोष नसताना करार तुटला तर नवी जागा शोधायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. स्वतः सोडल्यावर त्या मुदतीवर विसंबू नका. आधी नवा करार मिळवा, तो घेऊन परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची परवानगी घ्या, मग जुन्या संस्थेला लेखी कळवा. सहा महिने उलटले असतील तर चार आठवड्यांची मुदत द्यावी लागते. आणि कोणत्याही कारणानं प्रशिक्षण मध्येच संपलं, तर ते त्या कार्यालयाला दोन आठवड्यांच्या आत सांगावं लागतं.